मत न देणारा माणूस खरंच आळशी असतो का?

२०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमधे जवळजवळ ७२ टक्के मतदान झालं. तिथे काही भागात नक्षलवाद्यांमुळे मतदान दुपारी ३ लाच बंद करावं लागलं, काही पोलिंग पार्ट्या तर हेलिकॉप्टरने पोचवल्या. आणि दक्षिण मुंबईत, जिथे बूथ चालत पाच-दहा मिनिटांवर, तिथे जेमतेम ५० टक्के. कल्याण तेवढंच, पुणे थोडं वर. लगेच ठरलेली ओरड सुरू झाली की शहरातले लोक सुट्टी घेऊन फिरायला जातात, यांना काही पडलेलीच नाही.

मला ही ओरड पटत नाही. आणि नुसती माझी भावना म्हणून नाही, गेली साठ-सत्तर वर्षं यावर जे संशोधन झालंय ते बघितलं तर आळस हे उत्तर फार तोकडं पडतं.

१९५७ मधे अँथनी डाऊन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने साधं गणित मांडलं. माझ्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळपास शून्य, पण रांगेत उभं राहायला वेळ जातो, प्रवास होतो, कधी रोजंदारी बुडते. म्हणजे फायदा-तोटा बघणाऱ्या माणसाने मत द्यायलाच नको! तरी कोट्यवधी लोक देतात. त्यामुळे अभ्यासकांपुढे खरं कोडं उलटंच होतं, लोक मत का देत नाहीत हे नाही, तर इतके लोक देतात तरी का. १९६८ मधे रायकर आणि ऑर्डशूक या राज्यशास्त्रज्ञांनी त्या गणितात आणखी एक गोष्ट घातली, कर्तव्य केल्याचं समाधान. ठीक आहे, पण हे समाधान कोणाला वाटतं आणि कोणाचं विरून जातं, हे त्याने कळत नाही.

मत न देणाऱ्यांमधे पण प्रकार आहेत. एकाला दोन्ही उमेदवार सारखेच वाटतात, कोणीही आला तरी काय फरक पडतो. दुसऱ्याला फरक दिसतो, पण दोघंही आपल्यापासून इतके लांब वाटतात की आपलं इथे कोणी नाहीच. तिसऱ्याची द्यायची इच्छा असते पण जमत नाही. टक्केवारीत तिघंही एकाच आकड्यात जातात आणि आपण सगळ्यांना एकच शिव्या घालतो.

हा तिसरा माणूस तुम्ही बघितला असेल. मतदानाच्या दिवशी बूथबाहेर पक्षांची टेबलं लागलेली असतात, कार्यकर्ता मोबाईलवर नाव शोधतोय, समोर कोणीतरी आधार कार्ड हातात धरून उभं, आईचं नाव सापडतं, मुलाचं सापडत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी ते भाड्याचं घर बदलून आले आणि त्याचं नाव अजून जुन्या पत्त्यावरच आहे. फॉर्म ८ भरायचा असतो हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. तो घरी परत जातो, आणि संध्याकाळच्या बातम्यांत तो "उदासीन मतदार" झालेला असतो. शहरात दर दोन-तीन वर्षांनी घर बदलणारे किती असतात बघा! शिवाय टक्केवारी काढतात ती यादीतल्या नावांवर, त्यामुळे वारलेले, गाव सोडून गेलेले, दोन ठिकाणी नाव असलेले असे सगळे त्या हिशोबात मत न देणारेच ठरतात. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मधे परगावी राहणाऱ्यांसाठी रिमोट व्होटिंग मशीनची कल्पना मांडली ती याचसाठी, २०१९ ला ३० कोटींवर लोकांनी मत दिलं नव्हतं आणि त्यात स्थलांतर हे एक मोठं कारण आहे असं आयोगाचंच म्हणणं होतं.

आता दुसरा माणूस, निराश झालेला. राज्यशास्त्रात यासाठी एक कल्पना आहे, आपल्या कृतीचा राजकारणावर काही परिणाम होतो असं वाटणं. १९५० च्या दशकापासून सर्व्हेमधे हे मोजतात. त्याचे दोन भाग पडतात. एक म्हणजे मला राजकारण कळतं, मी काही करू शकतो हा विश्वास. दुसरा म्हणजे वर बसलेले माझं ऐकतात हा विश्वास. मला वाटतं, शहरी शिकलेल्या माणसाचा पहिला भक्कम असतो आणि दुसरा पार कोसळलेला. मुंबई महापालिकेचंच घ्या, मार्च २०२२ मधे मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासकाने कारभार चालवला. गटार तुंबलं तर जायचं कोणाकडे? आपण निवडून दिलेलं माणूस नसलं तरी गाडा चालतोच असं इतकी वर्षं दिसत राहिल्यावर मताची किंमत लोकांच्या मनात घसरणारच, यात दोष लोकांचा कसा?

पण राग आला की लोक घरी बसतात हे सुद्धा सरळ खरं नाही. २०२२ मधे शिवसेना फुटली, २०२३ मधे राष्ट्रवादी, "सगळे सारखेच" हे वाक्य प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येत होतं, आणि नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मतदान ६६ टक्क्यांच्या आसपास गेलं, १९९५ नंतरचं सगळ्यात जास्त. कोणी लाडक्या बहिणीला श्रेय देतं, कोणी चुरशीला, एकच कारण काढणं अवघड आहे. मात्र वैताग आणि मतदान एकत्र नांदू शकतात एवढं नक्की. २०१३ पासून मशीनवर नोटा, म्हणजे "यापैकी कोणीही नको" हे बटण आहे, आणि २०२४ ला इंदूरमधे काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर २ लाखांच्या वर लोकांनी नोटा दाबलं. हे लोक मुद्दाम रांगेत उभं राहून नाही म्हणायला गेले. त्यांना उदासीन कसं म्हणणार?

मग कशाने फरक पडतो? इथे प्रयोग झालेत आणि मला तेच सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतात. १९९८ मधे अमेरिकेत न्यू हेवन शहरात गर्बर आणि ग्रीन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी जवळपास ३० हजार मतदारांचे लॉटरीसारखे गट पाडले, काहींच्या दारात माणूस गेला, काहींना फोन, काहींना पत्र. दारात जाऊन बोलल्याने मतदान चांगलंच वाढलं, पत्राने किंचित, आणि व्यावसायिक कॉल सेंटरच्या फोनने काहीच नाही. आपल्याकडे सेलिब्रिटीच्या जाहिराती आणि रेकॉर्डेड कॉलवर जो पैसा जातो तो बघून मला वाईट वाटतं ते यामुळेच.

२००६ ला अमेरिकेतल्याच मिशिगन राज्यात लारिमर या आणखी एका अभ्यासकाला सोबत घेऊन त्यांनी याच्याही पुढचं केलं. तिथे कोणी मत दिलं न दिलं (कोणाला दिलं ते नाही) हे सरकारी नोंदीत सगळ्यांना बघता येतं. एका गटाला पत्र गेलं, त्यात घरातल्या लोकांची आणि शेजाऱ्यांची नावं, मागच्या निवडणुकांना कोणी मत दिलं त्यांच्यापुढे तशी नोंद, आणि खाली, निवडणुकीनंतर ताजी यादी पुन्हा पाठवू. ज्यांना काहीच पाठवलं नाही त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झालं, या गटात ३७.८. नुसतं कर्तव्य आठवून देणाऱ्या पत्राने मात्र दोन टक्केसुद्धा वाढले नाहीत. आपल्याकडे असली यादी छापावी असं मी म्हणणार नाही, ते भीतीदायक होईल, पण गावात बोटावरची शाई चारचौघांना दिसते आणि टॉवरमधे शेजारच्याचं नावही माहीत नसतं, हा फरक गडचिरोली आणि दक्षिण मुंबईत आहेच ना.

भारतातला एक प्रयोग तर मनावर ठसतो. २००८ च्या दिल्ली विधानसभेआधी अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी काही झोपडपट्ट्यांत आमदाराच्या कामाचं प्रगतिपुस्तक असलेला पेपर घरोघरी वाटला. मतदान साधारण दोन टक्क्यांनी वाढलं, चांगलं काम केलेल्या आमदारांना जास्त मतं पडली, आणि पैसे वाटपही कमी झाल्याचं दिसलं. उपदेश कोणी केला नव्हता, माहिती दिली होती, तीही ज्यांना आपण अडाणी व्होटबँक म्हणून मोकळे होतो त्या लोकांना.

अजून एक शोध आहे तो सवयीचा. न्यू हेवनमधे १९९८ ला ज्यांना प्रयोगामुळे मत द्यायला उद्युक्त केलं ते १९९९ च्या स्थानिक निवडणुकीतही जास्त आले, तेव्हा त्यांच्याकडे कोणी गेलं नव्हतं. म्हणजे पहिली निवडणूक हुकली की नुसतं एक मत जात नाही, पुढच्या कितीतरी निवडणुकांची सवय जाते. आणि २०२४ ला आपल्या देशात १८-१९ वर्षांच्या मुलांपैकी चाळीस टक्क्यांनीसुद्धा नाव नोंदवलं नव्हतं. २०२२ पासून नोंदणीसाठी वर्षात एकच नाही, चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि १७ पूर्ण झाले की आगाऊ अर्जही करता येतो. म्हणजे बारावीच्या वर्गातच नाव नोंदणीचा फॉर्म ६ भरून घेता येईल, परीक्षेचा फॉर्म भरून घेतात तसाच.