पदयात्रेच्या सरावातून मधेच मन का उडतं?

लांबच्या पदयात्रेचं एकदा ठरलं की पहिले पंधरा दिवस कोणाला काही सांगावं लागत नाही. अलार्मच्या आधी जाग येते, फोनमध्ये पावलं मोजणारं ॲप येतं, आणि भेटेल त्याला आपण सांगत सुटतो की यंदा मी चालत जाणार. मग दुसऱ्या महिन्यात कधीतरी तोच अलार्म बंद करून माणूस कूस बदलतो. यात्रा अजून लांब आहे, पोटऱ्या दुखतायत, रोज तोच रस्ता. नुसता व्यायाम बुडला असता तर एवढं काही वाटलं नसतं, पण इथे श्रद्धेचा प्रश्न येतो ना, मग आपलीच श्रद्धा कमी पडली की काय अशी टोचणी लागते आणि त्या टोचणीनेच दुसऱ्या दिवशी उठायला आणखी जड जातं.

मला विचाराल तर ही टोचणी अगदीच फुकटची आहे. मधल्या महिन्यात मन उडणं हा मेंदूच्या हिशोबाचा भाग आहे आणि तो हिशोब बराचसा माहीत झालेला आहे.

वोल्फ्राम शुल्त्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग यात फार महत्त्वाचे. माकडाला ज्यूसचा थेंब द्यायचा आणि मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी काय करतात ते बघायचं. सुरुवातीला ज्यूस मिळाला की त्या पेशी जोरात चेकाळायच्या. मग ज्यूसच्या आधी दरवेळी एक खूण द्यायला लागले, आणि माकडाला ते समजल्यावर गंमत अशी झाली की पेशी आता खूण दिसल्यावर चेकाळायला लागल्या, प्रत्यक्ष ज्यूस मिळाल्यावर मात्र ढिम्म. खूण देऊन ज्यूस दिलाच नाही तर ज्या क्षणी तो यायला हवा होता त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही गप्प व्हायच्या. 1997 मध्ये शुल्त्झ, दायान आणि माँटेग्यू यांनी याचा अर्थ मांडला तो असा की हे डोपामिन आनंद मोजत नाही, अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं तो फरक मोजतं.

आता हे सरावाला लावून बघा. नव्याने चालायला लागलं की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलता येतं, आणि परवा ज्या चढावर धाप लागली तिथे आज गप्पा मारत चढता येतं. म्हणजे रोज अपेक्षेपेक्षा थोडं जास्त मिळतंय, मेंदू खूश. पुढची कामं मात्र संथ आणि गुपचूप चालतात. स्नायूंमध्ये ऊर्जा तयार करणारे पेशींमधले बारीक भाग, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढणं, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होणं याला आठवडे लागतात, आणि स्नायू हाडाला जोडणारे टेंडन आणि खुद्द हाडं यांना तर महिने. शरीरात सगळ्यात मोलाचं काम चालू असतं तेव्हाच बाहेर सांगण्यासारखं काही घडत नाही, अपेक्षा तर पहिल्या पंधरवड्याने वाढवून ठेवलेली, मग मेंदू म्हणणारच की यात आता काही राम नाही.

त्यामुळे त्या काळात स्वतःला मोठमोठी भाषणं देण्यापेक्षा सरावात काहीतरी नवं घालणं जास्त कामाचं. रस्ता उलट्या बाजूने चाला, पाठीवरच्या सॅकमध्ये यात्रेतलं थोडं सामान टाकून बघा, शनिवारी लांब चालून रविवारी दुखऱ्या पायांनीच परत थोडं चाला कारण यात्रेत रोज तेच करायचंय. पावलांच्या आकड्यावर मात्र मी फार विसंबणार नाही. जॉर्डन एटकिन यांनी 2016 मध्ये दाखवलं की पावलं मोजणारी माणसं चालतात जास्त पण त्यातली मजा कमी होते, चालणं कामासारखं वाटायला लागतं. वर एका दिवसाचा आकडा कमी आला की तो खोट खाल्ल्यासारखा दिवसभर डोक्यात राहतो.

दुसरी गोष्ट संध्याकाळी चालणाऱ्यांसाठी. दिवसभर खुर्चीत बसून काम केलंय, पाय तर ताजे आहेत, मग चपला काढून सोफ्यावर बसल्यावर उठवत का नाही? सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 16 जणांवर एक प्रयोग केला. एकदा त्यांना कॉम्प्युटरवर 90 मिनिटं सतत लक्ष द्यावं लागेल असं किचकट काम दिलं आणि एकदा तेवढाच वेळ डॉक्युमेंट्री दाखवली, आणि दोन्ही वेळा नंतर सायकलवर बसवून दमेपर्यंत पेडल मारायला लावलं. डॉक्युमेंट्रीनंतर सरासरी 754 सेकंद टिकले, किचकट कामानंतर 640. हृदयाच्या आणि स्नायूंच्या मोजमापात या फरकाचं कारण सापडेना. फरक होता तो मेहनत किती वाटतेय त्यात, दमलेल्या डोक्याला तीच सायकल पहिल्यापासूनच जड वाटत होती. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत दरवेळी एवढा मोठा फरक दिसला असं नाही, पण रोख साधारण तोच आहे. म्हणून कामावरून आल्यावर जे "आज अंगात त्राणच नाही" वाटतं ते खोटं नसतं आणि पायांचं तर नसतंच. शक्य असेल तर मोठा पल्ला सकाळी ठेवावा, नाहीतर वेग सोडून द्यावा आणि नुसतं रमतगमत चालावं.

त्या सोफ्यावरच्या दोन मिनिटांत खरी लढाई असते आणि ती चर्चेने जिंकता येत नाही, चर्चा सुरू झाली की आपण हरलोच. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी यावर बरंच काम केलंय. "मी नियमित चालेन" असं ठरवण्याऐवजी "घरी आलो की आत न बसता दारातूनच वळून चालायला लागेन" असं ठरवलेलं जास्त पाळलं जातं, कारण ऐन वेळी निर्णय घ्यायचा उरत नाही. पावसाचं, पाहुण्यांचं, ओव्हरटाइमचं पण असंच आधी ठरवून ठेवावं. आणि एखादा दिवस बुडला तर बुडू दे. फिलिपा लॅली यांच्या 2010 च्या अभ्यासात एखादी कृती सवयीची व्हायला सरासरी 66 दिवस लागले, कोणाला 18 तर कोणाला 254 लागतील असा अंदाज निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. 21 दिवसांत सवय लागते असं जे फिरत असतं ते सोडूनच द्या.

पोहोचल्याचं सुंदर चित्र रोज डोळ्यापुढे आणा हा सल्ला पण हमखास मिळतो. तो मला अर्धाच पटतो. गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या प्रयोगांत असं दिसलं की नुसती गोड स्वप्नं रंगवली की शरीर सैलावतं, रक्तदाब सुद्धा थोडा खाली येतो, जणू काम झालंच. चित्र जरूर आणा पण लगेच पाठोपाठ उद्याची अडचण काय ते पण बघा. सोबतीचं मात्र मी डोळे झाकून सांगेन. ऑक्सफर्डच्या वल्हवणाऱ्या खेळाडूंवरच्या एका छोट्या अभ्यासात तेवढाच व्यायाम एकट्याने केल्यापेक्षा एकत्र तालात केल्यावर वेदना सहन करायची मर्यादा जास्त निघाली. शिवाय कोपऱ्यावर कोणी वाट बघत उभं असेल तर कूस बदलता येत नाही.

शेवटचे तीन-चार आठवडे वेगळेच. तिथे उत्साह आपोआप परत येतो. मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी 1930 च्या दशकातच पाहिलं होतं की खाण्याजवळ पोहोचताना उंदरांचा वेग वाढतो, आणि आपलं पण तसंच होतं, तारीख जवळ आली की बुडालेल्या दिवसांची भरपाई करायची सुरसुरी येते. नेमकं इथेच घात होतो, कारण मनाने वेग घेतला तरी टेंडन आणि हाडं स्वतःच्याच गतीने चालतात, आणि टाच किंवा नडगी ऐन वेळी बोलायला लागते. सगळ्यात मोठा पल्ला दोन-तीन आठवडे आधी उरकून घ्यावा आणि मग अंतर कमी करत न्यावं, उरलेला उत्साह सामान लावण्यात घालवावा. त्यातही नवे बूट घ्यायचे नाहीत. मोजा कातडीला वरून धरून ठेवतो, आतलं हाड पावलागणिक पुढेमागे सरकतं, या ओढाताणीत कातडीचे थर आतल्या आत सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरून फोड येतो. ओळखीच्या बुटात कुठे घासतं ते तुम्हाला माहीत असतं आणि तिथे आधीच पट्टी लावता येते, नव्या बुटात ते पहिल्या मुक्कामाला कळतं.