ग्राइंडरची डिस्क मागताना आम्ही एवढे प्रश्न का विचारतो

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक भागांतली आपली मंडळी आमच्या दुकानाच्या काउंटरवर येतात आणि सरळ म्हणतात, "चार इंची डिस्क द्या." मग आम्ही विचारतो कापायचंय का घासायचंय, माल कुठला, मशीन कुठली, आणि काहींना वाटतं उगाच वेळ घालवतायत. तसं नाही. चुकीची डिस्क दिली तर काम बिघडतंच पण माणूसही जखमी होतो, म्हणून विचारतो.

पहिली गोष्ट स्पीडची. डिस्कवर जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाला किती फेरे) छापलेला असतो आणि मशीनच्या प्लेटवर मशीनचा, तर डिस्कचा आकडा मशीनपेक्षा जास्तच पाहिजे. बहुतेक डिस्क ८० मीटर प्रति सेकंदासाठी बनवलेल्या असतात, म्हणजे कडेला ताशी २८८ किलोमीटर! त्यामुळे ४ इंचीवर साधारण १५,००० च्या वर आरपीएम लिहिलेला असतो, ७ इंचीवर ८,५०० आणि ९ इंचीवर ६,६५० च्या आसपास. आता ११,००० आरपीएमच्या छोट्या मशीनला कुणी गार्ड (डिस्कवरचं संरक्षक कवच) काढून, बुश (भोक जुळवायची कडी) टाकून ७ इंची डिस्क बसवली तर कडेचा वेग सेकंदाला १०३ मीटरच्या वर जातो आणि डिस्कवरचा ताण ठरलेल्यापेक्षा जवळपास १.७ पट होतो. डिस्क फुटली की तुकडे कुठे जातील हे कुणाच्या हातात नसतं. हा प्रकार कृपया करू नका, आणि त्यासाठी बुश मागू पण नका, आम्ही देणार नाही.

आता कापायची आणि घासायची वेगळी का ते बघा. ४ इंची कटिंग व्हील साधारण १ ते १.२ मिमी पातळ असते, पटकन कापते, माल कमी तापतो, बर (कापलेल्या कडेला राहणारे खरखरीत कंगोरे) कमी येते, पण तिला फक्त कडेवरून चालायचं माहितीये. बाजूने दाबली, वाकडी केली, किंवा "जरा बर काढून घेऊ" म्हणून तिच्यानेच घासलं की तडकते. घासायला डीसी व्हील घ्या, मधे खोलगट असते, साधारण ६ मिमी जाड, ती कामावर २५-३० अंशात धरायची. फौंड्रीत कास्टिंगचे रनर रायझर (ओतकामात मालाला चिकटून राहिलेले जादा धातूचे भाग) घासायला २४ नंबरचा जाड दाणा, आणि काम रोजचं आणि जड असेल तर झिरकोनिया दाण्याची डिस्क. महाग आहे पण टिकते.

वेल्डिंग साफ करून पेंटला तयार करायचं असेल, समजा उसाची ट्रॉली किंवा गेट, तर फ्लॅप डिस्क, म्हणजे सँडपेपरच्या पट्ट्या एकावर एक लावलेली. ४० नंबरचा दाणा वेल्ड सपाट करायला, मग ६० नाहीतर ८०, आणि एसएस (स्टेनलेस स्टील) रेलिंगला पॉलिशच्या आधी १२०. हिला जोर लावायचा नाही, मशीनच्या वजनानेच काम होऊ द्या, नाहीतर फ्लॅप जळतात आणि तुम्ही म्हणणार डिस्क खराब निघाली.

एसएससाठी डिस्क वेगळीच ठेवा, आणि पॅकवर लोखंड-गंधक-क्लोरीन नसलेली असं लिहिलंय का बघा. एमएसवर (साध्या लोखंडावर) वापरलेली तीच डिस्क एसएसला लावली की लोखंडाचे कण आत रुततात आणि महिन्याभरात रेलिंगवर गंजाचे ठिपके दिसतात, ग्राहक तुम्हाला फोन करतो. अ‍ॅल्युमिनियम साध्या डिस्कमध्ये भरून बसतं, डिस्क गुळगुळीत होते आणि मग नुसती तापते, त्यासाठी वेगळा प्रकार येतो, मागून घ्या. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीवर लोखंडाच्या ठिणग्या पडू देऊ नका, पेट घेते आणि ती आग पाण्याने विझवायची नसते.

लांब पाइप किंवा अँगल कापताना टेकू असा द्या की काप उघडत जाईल. तुकडा लोंबून फट मिटली की डिस्क अडकते आणि मशीन झटक्यात अंगावर येते, बऱ्याच जखमा अशाच होतात. दोन्ही हात मशीनवर, साइड हँडल लावलेलं, गार्ड तुमच्या आणि डिस्कच्या मधे. गॉगल पाहिजेच, साध्या चष्म्याने बाजूने कण येतात, म्हणून वरून फेस शील्ड असेल तर उत्तम. सैल बाही, गळ्यात टॉवेल नको. ठिणग्यांच्या रेषेत थिनर, सिलिंडर, कापूस काही ठेवू नका.

नवी डिस्क लावली की आधी दोन्ही बाजूंनी नीट बघा, मग मिनिटभर रिकामी फिरवा, समोर कुणी उभं नको. थरथरली तर लगेच बंद.

डिस्कच्या मधल्या धातूच्या रिंगवर महिना आणि वर्ष असतं, ती वापरायची मुदत, साधारण बनवल्यापासून ३ वर्षं. डिस्कचे दाणे धरून ठेवणारं रेझिन ओलावा धरतं, म्हणून पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवू नका, कोरड्या डब्यात आडव्या ठेवा. पडलेली किंवा भिजलेली डिस्क वापरू नका, ती वाळवून परत लावायच्या भानगडीत पडू नका. येताना जुनी डिस्क किंवा मशीनच्या प्लेटचा फोटो आणलात तर बरोबर तीच लगेच काढून देतो.