तालमीतले भांडण आणि नंतरची वीस मिनिटे

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि हे गाव आजही स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते. स्पर्धेचे दिवस जवळ आले की इथल्या तालमींमध्ये आवाज चढतात. अशाच एका हौशी संस्थेच्या तालमीला मी बसलो होतो. एक संवाद खालच्या पट्टीत हवा, असे दिग्दर्शक पुनःपुन्हा सांगत होते आणि नट तो दर वेळी ओरडून म्हणत होता. अखेर दोघांची जुंपली, नटाने संहितेची वही भिंतीवर भिरकावली आणि दिग्दर्शकांनी काही न बोलता सर्वांसाठी चहा मागवला. नटाच्या हातातला कप बशीवर किणकिणत होता. वीसेक मिनिटांनी तोच प्रवेश पुन्हा घेतला, तेव्हा आवाज खाली होता, पण त्या खालच्या आवाजाने अंगावर काटा आला.

या वीस मिनिटांत नटाच्या शरीरात बरेच काही घडत होते. राग येताच मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अॅड्रिनॅलिन सोडतात; हृदयाचे ठोके वाढतात, तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात. अॅड्रिनॅलिन काही मिनिटांतच ओसरू लागते. कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक मात्र सावकाश चढते आणि प्रसंगानंतर साधारण वीस ते तीस मिनिटांनी त्याची पातळी सर्वाधिक असते. म्हणजे भांडण मनातून मागे पडू लागले तरी शरीर जागेच असते. या उरलेल्या उत्तेजनेचा परिणाम पुढच्या भावनेवर होतो, मग ती भावना वेगळ्या कारणाने आलेली का असेना, असे मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात मांडले.

जर्मन दिग्दर्शक वेर्नर हर्झोग आणि नट क्लाउस किन्स्की यांची जोडी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९७२ ते १९८७ या काळात दोघांनी पाच चित्रपट केले. पहिल्या ‘अगिरे’चे चित्रीकरण पेरू देशातल्या जंगलात चालू असताना किन्स्की सगळे सोडून निघाला, तेव्हा हर्झोगनी त्याला गोळी घालण्याची धमकी दिली होती. ते स्वतःच हे सांगतात आणि हातात बंदूक नव्हती, असेही सांगतात. किन्स्कीला ती भूमिका आरडाओरडा करत रंगवायची होती. हर्झोगना तिच्यात दबलेली, शांत भीती हवी होती. म्हणून ते त्याचा संताप पुरता उफाळू देत आणि तो थकून शांत झाला की कॅमेरा सुरू करत. सांगलीतल्या त्या दिग्दर्शकांचा चहा आणि हर्झोगचे हे थांबणे यांचा मेळ मी घातलेला आहे, पण शरीराचे गणित दोन्हीकडे सारखेच आहे, असे मला वाटते.

‘राग बाहेर पडला, मन मोकळे झाले’ असे आपण सहज म्हणतो. हे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याने चिडवले त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्या विद्यार्थ्यांचा राग कमी न होता वाढलेला आढळला. नुसते बसून राहिलेले विद्यार्थी त्यांच्यापेक्षा शांत होते. आदळआपटीने राग जात नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. शिवाय येर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत सोपे काम विजेच्या तीव्र धक्क्यांखालीही लवकर शिकले गेले, पण अवघड काम शिकताना तेच धक्के आड आले. खालच्या पट्टीत धाक उभा करणे हे नटाचे अवघड काम आहे. ऐन भडक्यात ते साधत नाही, आणि शरीर पूर्ण निवल्यावर त्यातली धार जाते. दिग्दर्शकाचे कसब मधली वेळ ओळखण्यात आहे.

एवढ्यावरून भांडणाला सर्जनाची किल्ली ठरवणे मात्र मला मान्य नाही. कामावरून झालेला मतभेद आणि माणसावर घसरलेले भांडण हा फरक संघटनांचा अभ्यास करणाऱ्या कॅरेन जेन यांनी १९९० च्या दशकात स्पष्ट केला. डी ड्रू आणि वाइनगार्ट यांनी २००३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दोन्ही प्रकारच्या संघर्षांचा गटाच्या कामगिरीशी संबंध उलटाच निघाला, म्हणजे संघर्ष जास्त तिथे कामगिरी कमी. वादळी जोड्यांचे पूर्ण झालेले चित्रपट आपल्याला दिसतात. जे अर्धवट राहिले, ते कोणी पाहत नाही.

भांडणाची किंमत बहुतेकदा तिसराच माणूस मोजतो. ‘अगिरे’ आणि डोंगरावरून ३२० टनांचे जहाज ओढून नेणारा ‘फिट्झकराल्डो’ या दोन्ही चित्रपटांचे छायाचित्रण थॉमस माऊख यांनी केले होते. १९८७ च्या ‘कोब्रा वेर्दे’च्या वेळी किन्स्कीच्या शिवीगाळीला कंटाळून ते काम सोडून निघून गेले. त्या चित्रपटानंतर हर्झोग आणि किन्स्की यांनीही पुन्हा एकत्र काम केले नाही.

सांगलीतल्या तालमीत वही जिथे आदळली, तिथे सामानाची पेटी सांभाळणारी अकरावीतली मुलगी बसली होती. पाने गोळा करून तिनेच ती क्रमाने लावली. दुसऱ्या दिवशी प्रवेश आणखी चांगला झाला. ती मुलगी आली नव्हती, आणि पेटीची किल्ली तिने शेजारच्या दुकानात ठेवून दिली होती.