समुद्री गवतांच्या जीनोमचे आकारमान आणि डीएनएची घडण : नमुने पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या पिशव्यांवर अधूनमधून ‘समुद्री शेवाळ’ असे लिहिलेले असते, म्हणून सुरुवातीलाच सांगतो, की समुद्री गवत हे शेवाळ नव्हे. त्याला मुळे, जमिनीत सरपटणारे खोड, फुले आणि बियाही असतात. जमिनीवरच्या पूर्वजांपासून पुन्हा समुद्रात उतरलेली ही एकदल वनस्पती आहे. अंधेरीतील आमच्या प्रयोगशाळेत तिच्या पेशीकेंद्रकातील डीएनएचे वजन, म्हणजेच जीनोमचे (संपूर्ण डीएनए-संचाचे) आकारमान, आणि त्या डीएनएतील जी व सी या घटकांचे शेकडा प्रमाण (डीएनए ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक घटकांनी बनतो), अशा दोन गोष्टी फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे रंगवलेल्या केंद्रकांची चकाकी मोजण्याच्या तंत्राने, मोजून दिल्या जातात.

पानाच्या बुडाकडचा, अजून पांढुरका असलेला सुमारे एक चौरस सेंटिमीटरचा कोवळा भाग आणि तुलनेसाठी घेतलेल्या वनस्पतीचा तेवढाच तुकडा एकाच बशीत, बर्फावर, नव्या ब्लेडने थंड द्रावणात बारीक चिरला जातो. ब्लेड जुने असेल तर केंद्रके चेंगरतात आणि आलेखातील शिखर पसरट होते. मिश्रण गाळून त्यात प्रोपिडियम आयोडाइड हा रंग घालतात; तो आरएनएलाही चिकटत असल्यामुळे आरएनए तोडणारे विकर आधी घालावे लागते. मग एकेक केंद्रक लेझरसमोरून जाते आणि त्याच्या चकाकीवरून डीएनएचे प्रमाण कळते. तुलनेची वनस्पती म्हणून वाटाणा घेतला तरी मंडईतला कोणताही वाटाणा चालत नाही. ज्या वाणाचे मोजमाप आधी झालेले आहे, त्याचेच बियाणे लागते. आम्ही वापरतो त्या वाणाच्या केंद्रकात 9.09 पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) डीएनए असतो. लहान जीनोमसाठी मुळा किंवा भात अधिक सोयीचा पडतो.

दुसऱ्या मोजणीसाठी डॅपी हा रंग वापरतात. तो ए आणि टी यांची सलग रांग असेल तेथेच घट्ट बसतो, त्यामुळे दोन्ही रंगांच्या चकाकीतील फरकावरून जीसीचे प्रमाण काढता येते. एकदल वनस्पतींमध्ये ते साधारण 34 ते 49 टक्क्यांच्या दरम्यान आढळले आहे. ही आकडेमोड गृहीतकांवर उभी असल्यामुळे दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकावर भिस्त ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जीनोम वाचून घ्यायचाच असेल, तर त्याआधी हे वजन कशाला, असे ग्राहक विचारतात. झोस्टेरा मरिना या गवताचा जीनोम 2016 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा जुळणी, म्हणजे वाचलेले डीएनएचे तुकडे जोडून तयार केलेला जीनोम, सुमारे 20.2 कोटी बेसजोड्यांची (ए-टी किंवा जी-सी अशा जोड्यांची) होती. 2021 मधील सुधारित जुळणी सुमारे 26 कोटींवर गेली. पुनरावृत्त भाग जुळणीत सहज गळतात, आणि किती गळले याचा अंदाज स्वतंत्रपणे मोजलेल्या वजनावरूनच येतो. एक पिकोग्रॅम म्हणजे 97.8 कोटी बेसजोड्या, हे सूत्र जवळ ठेवावे. भूमध्य समुद्रातील पोसिडोनिया ओशियानिकाचा जीनोम मात्र सुमारे 300 कोटींचा आहे, आणि त्याचा बहुतेक भाग जागा बदलत स्वतःच्या प्रती वाढवणाऱ्या तुकड्यांनी व्यापलेला आहे. म्हणजे जीनोम मोठा म्हणून जनुके त्याच पटीत अधिक, असे होत नाही. झोस्टेरात तर पर्णरंध्रे घडवणारी जनुकेच उरलेली नाहीत. पाण्याखाली ती हवीत तरी कशाला!

वजन दुप्पट आले तर गुणसूत्रांचे संच दुप्पट झाल्याची शंका घेता येते. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे येथे सुमारे 180 किलोमीटर पसरलेले पोसिडोनिया ऑस्ट्रेलिसचे एकच झाड 2022 मध्ये जाहीर झाले. त्यात नेहमीच्या 20 ऐवजी 40 गुणसूत्रे आहेत. तरीही पक्क्या निर्णयासाठी गुणसूत्रे मोजावीच लागतात, आणि ती सेवा आमच्याकडे नाही.

नमुना पाठवताना खोडासकट जिवंत रोप घ्यावे, पानांवरचा चिकटा व सूक्ष्म शेवाळ हलक्या हाताने पुसावे, समुद्राच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवावे. पिशवी पाण्याने भरून पाठवलेली रोपे पोहोचेपर्यंत कुजतात. बर्फ थेट लागू देऊ नये. फॉर्मेलिन अथवा अल्कोहोल तर मुळीच नको, कारण त्यामुळे रंग नीट बसत नाही. पार्सल सोमवार ते बुधवार यांपैकी एखाद्या दिवशी निघाले, तर ते रविवारी कुठल्या गोदामात अडकत नाही. अहवालात गुणसूत्रांच्या एका संचातील डीएनएचे आणि पूर्ण केंद्रकातील डीएनएचे असे दोन्ही आकडे वेगळे लिहिलेले असतात. शोधनिबंधात उतरवताना कोणता घेतला, ते कृपया नमूद करावे.