मार्से

फ्रान्सच्या आग्नेय भागातील भूमध्य समुद्रावरचे प्राचीन बंदर आणि लोकसंख्येच्या दृष्टीने पॅरिसखालोखालचे शहर. मराठी वाचकाला ते ‘मार्सेलिस’ या नावाने अधिक परिचित आहे. रोन नदीच्या मुखाच्या पूर्वेस, चुनखडीच्या टेकड्यांनी वेढलेल्या एका अरुंद खाडीभोवती ते वसले. किनाऱ्यालगतचा प्रवाह रोनचा गाळ पश्चिमेकडे नेत असल्याने ही खाडी त्यापासून सुरक्षित राहिली, आणि तरीही रोनच्या खोऱ्यातून उत्तरेस जाणारा व्यापारमार्ग हाताशी राहिला.

इ. स. पू. ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकिया या नगरातील ग्रीक दर्यावर्दींनी येथे ‘मासालिया’ ही वसाहत स्थापली. स्थानिक राजकन्या जिप्टिस हिने स्वयंवरासारख्या प्रसंगी आपल्या हातचा पेला परदेशी पाहुणा प्रोटिस याच्यापुढे धरला, अशी आख्यायिका आहे. परक्याला घरात घेऊन शहराचा आरंभ झाला, ही कल्पना मार्सेकरांनी आजवर जपली आहे. ब्रिटनपर्यंत आणि त्याही पलीकडे उत्तरेस सफर करणारा पिथिअस येथलाच. इ. स. पू. ४९ मध्ये रोमन यादवीत सीझरचा प्रतिस्पर्धी पाँपे याचा पक्ष घेतल्यामुळे सीझरने वेढा घालून शहर जिंकले आणि त्याचे आरमार व बहुतेक मुलूख गेला.

भोवतालच्या प्रॉव्हान्स प्रांतासह मार्से १४८१ मध्ये फ्रेंच राजसत्तेखाली आले, तरी त्याचा स्वतंत्र बाणा टिकला. १६६० मध्ये चौदाव्या लुईने बंड मोडून बंदराच्या तोंडाशी किल्ल्यांची उभारणी आरंभली. त्यांच्या तोफांचा धाक समुद्राइतकाच शहरालाही होता. १६६९ च्या फर्मानाने मात्र ते करमुक्त बंदर झाले आणि पूर्व भूमध्य प्रदेशाशी होणारा व्यापार येथे एकवटला.

याच व्यापाराने शहरावर सर्वांत भीषण संकट आणले. २५ मे १७२० रोजी ‘ग्राँ सेंत-आंत्वान’ हे जहाज पूर्वेकडून कापूस आणि कापड घेऊन आले. वाटेत त्यावरील अनेक माणसे दगावली होती. आलेल्या जहाजाला, मालाला आणि माणसांना वेगळे ठेवण्याची येथील व्यवस्था युरोपात कडक म्हणून प्रसिद्ध होती. पण मालात नगराच्या कारभाऱ्यांपैकी काहींचा वाटा होता आणि बोकेर या गावची मोठी व्यापारी जत्रा जवळ आली होती. नियम सैल झाले, गाठी किनाऱ्यावरच्या गोदामांत उतरल्या आणि प्लेग गल्ल्यांत शिरला. सुमारे ९०,००० वस्तीच्या या शहरातील जवळजवळ निम्मी माणसे मेली. नियम नव्हते म्हणून नव्हे, तर ते पाळले गेले नाहीत म्हणून हा संहार झाला, ही गोष्ट विशेष वेदनादायक आहे.

१७९२ मध्ये येथील स्वयंसेवक एक नवे रणगीत गात पॅरिसला पोहोचले. ते स्ट्रासबुर्गमध्ये रचले गेले असले, तरी ‘मार्सेयेज’ हे नाव त्याला या शहरामुळे मिळाले. तेच फ्रान्सचे राष्ट्रगीत.

१८३० पासून अल्जीरियावरील फ्रेंच आक्रमण आणि १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा यांमुळे मार्से वसाहतींचे महाद्वार बनले. जुनी खाडी अपुरी पडून उत्तरेस जोलिएतची नवी गोदी बांधली गेली. मुंबईहून निघालेले अनेक प्रवासी येथे उतरून रेल्वेने इंग्लंडकडे जात. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ या जहाजाच्या गवाक्षातून उडी टाकून ब्रिटिशांच्या कैदेतील विनायक दामोदर सावरकर याच बंदराच्या धक्क्यावर पोहोचले. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून ब्रिटिशांच्या हवाली केले. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी या कृतीतील अनियमितता मान्य केली, परंतु त्यांना फ्रान्सकडे परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नसल्याचा निर्णय दिला.

१९४३ च्या प्रारंभी जर्मन सैन्याने जुन्या बंदराच्या उत्तरेकडील दाट वस्ती रिकामी करून सुरुंगांनी उडविली. इटालियन, कॉर्सिकन, आर्मेनियन, अल्जीरियन आणि कोमोरोवासी अशा एकामागून एक आलेल्या समूहांनी आजचे मार्से घडविले आहे. ऑलिव्ह तेलाचा साबण आणि ‘बुयाबेस’ हे मासळीचे कालवण ही येथील ख्यात उत्पादने. न विकल्या गेलेल्या काटेरी मासळीतून हे कालवण प्रथम कोळ्यांच्या चुलीवर शिजले, असे मानले जाते. मोठी मालवाहतूक आता पश्चिमेकडील फॉसच्या गोद्यांतून होते. जुन्या बंदरावर मात्र सकाळी ताजी मासळी विकली जाते, आणि वरच्या टेकडीवरील ‘नोत्र-दाम द ला गार्द’ या चर्चमध्ये, वादळातून सुखरूप परतलेल्यांनी नवस फेडताना वाहिलेल्या जहाजांच्या लहान प्रतिकृती टांगलेल्या दिसतात.