पोटाची नळी आणि घशाशी येणारं ‘पित्त’

करपट ढेकर आले, छातीत जळजळलं, घशाशी आंबट पाणी आलं की आपण म्हणतो, ‘पित्त झालंय’. खरं तर ते जठरातलं आम्ल असतं. पित्तरस तयार होतो यकृतात आणि तो जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला येऊन मिळतो. एरवी या फरकावाचून कुणाचं काही अडत नाही. पण वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घ्यायची असेल, तर तो समजून घ्यायलाच हवा.

आज अशा दोन शस्त्रक्रिया सर्वाधिक होतात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा बाहेरच्या बाजूचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. ‘बायपास’मध्ये अन्ननलिकेच्या टोकाशी जठराची एक छोटी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न तिथे जात नाही.

स्लीव्ह मुळात स्वतंत्र शस्त्रक्रिया नव्हतीच. अतिशय वजनदार रुग्णांना मोठी शस्त्रक्रिया एका दमात झेपत नाही, म्हणून तिचा हा पहिला टप्पा होता. पण तेवढ्यानेच अनेकांचं वजन इतकं उतरलं की दुसऱ्या टप्प्याची गरजच उरली नाही. करायला सोपी, आतड्याला हात न लावणारी ही पद्धत मग जगभर पसरली. ती बायपासच्या तोडीची आहे का, याची नीट तुलना व्हायला मात्र वेळ लागला.

स्वित्झर्लंडमध्ये २१७ आणि फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर ही तुलना झाली. कुणावर कोणती शस्त्रक्रिया करायची हे डॉक्टरांच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. स्विस चाचणीत वजनातल्या घटीचा फरक निर्णायक ठरला नाही. आम्लाच्या त्रासाचा ठरला. बायपासनंतर ६०.४ टक्के जणांचा जुना त्रास गेला, स्लीव्हनंतर फक्त २५ टक्के जणांचा. त्रास वाढल्याचं प्रमाण स्लीव्हमध्ये ३१.८ टक्के होतं, बायपासमध्ये ६.३ टक्के.

असं का होतं? अरुंद नळीत दाब वाढतो. अन्ननलिका जिथे जठराला तिरकी मिळते तो कोन झडपेसारखं काम करतो, तोही बिघडू शकतो. आम्लाला मग वरची वाट मोकळी होते. बायपासच्या इवल्या पिशवीत आम्ल तयार करणाऱ्या पेशीच थोड्या असतात. शिवाय पित्तरस येऊन मिळतो तो साधारण दीड मीटर खाली. म्हणजे आपण ज्याला पित्त म्हणतो ते आणि खरं पित्त, दोन्ही अन्ननलिकेपासून दूर राहतात.

म्हणून स्लीव्ह वाईट, असं मी म्हणणार नाही. बायपासनंतर लोह आणि बी-१२ची कमतरता जास्त आढळते, आतड्याचा वेढा आतल्या फटीत अडकण्याचा धोका असतो आणि बाजूला पडलेलं जठर नेहमीच्या दुर्बिणीने तपासता येत नाही.

एक भीती आणखी मोठी होती. आम्ल वर्षानुवर्षं लागत राहिलं तर अन्ननलिकेचं अस्तर बदलतं. याला बॅरेट म्हणतात आणि त्यातून क्वचित कर्करोग होऊ शकतो. रोममधल्या एका अभ्यासात स्लीव्ह झालेल्या ११० जणांपैकी १७.२ टक्के जणांमध्ये हा बदल दिसला होता. तुलनेसाठी दुसरा गट मात्र तिथे नव्हता. फिनलंडच्या चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, त्यात बॅरेटचं प्रमाण दोन्ही गटांत ४ टक्केच होतं. ही दिलासा देणारी गोष्ट आहे. अन्ननलिकेचा दाह मात्र स्लीव्हनंतर ३१ टक्के आणि बायपासनंतर ७ टक्के जणांना होता.

दाह असूनही जळजळ जाणवत नाही, असेही रुग्ण असतात. त्यामुळे स्लीव्ह झालेल्यांनी तक्रार नसली तरी एका वर्षाने आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी दुर्बिणीतून तपासून घ्यावं, असं या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२० मध्ये सुचवलं आहे.