चाचणीत निम्म्या रुग्णांना वाऱ्यावर सोडतात का? एक खुलासा

सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यामुळे नंदुरबारकडे औषधाच्या चाचणीचा विषय निघाला की एक समज हमखास पुढे येतो: चिठ्ठ्या टाकून निम्म्या रुग्णांना खोटी गोळी देतात आणि शेवटपर्यंत कुणी बघत नाही.

चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी होते, हे खरं. डॉक्टरने निवड केली तर त्यातल्या त्यात बरे रुग्ण नकळत नव्या औषधाकडे जातात आणि औषध उगाच गुणकारी दिसतं. पण ‘कुणी बघत नाही’ हे साफ चूक आहे. मोठ्या चाचण्यांत स्वतंत्र समिती अधूनमधून आकडे तपासते. सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचंच बघा. अमेरिकेतल्या चाचणीत 299 प्रौढ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांना वेदनेचे झटके वर्षाला साधारण अडीच, इतरांना साडेचार. फरक स्पष्ट दिसताच 1995 मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली.

मग रोज का बघत नाहीत? इथेच संख्याशास्त्र लागतं. निरुपयोगी औषध एकदाच तपासलं तर ते योगायोगाने गुणकारी ठरण्याची शक्यता 5 टक्के धरतात. त्याच कसोटीने पाचदा तपासलं, तर ती 14 टक्क्यांवर जाते. म्हणून ओब्रायन आणि फ्लेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये सुचवलेल्या पद्धतीत सुरुवातीच्या तपासणीला कसोटी फार कडक असते, पुढे ती सैल होत जाते.

चाचणीत सहभागी होण्याबद्दल तुम्हाला विचारणा झालीच, तर मधली तपासणी कधी आणि कोण करणार, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी जरूर विचारा.